बोरमाळ गहाण पडली त्या वर्षी

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझा लहानसा कारखाना आहे. १९९६ साली एका जुन्या लेथवर सुरू केला. व्हॉल्व्हचे स्पिंडल, बुश, फ्लँज असे भाग आम्ही मोठ्या कंपन्यांना करून देतो. आज मला माझ्या हातून झालेल्या चुकांबद्दल बोलायचे आहे. त्यातली एक घरातली आहे. ती आधी सांगतो, कारण ती चारचौघांत सांगायला मला सगळ्यांत जास्त वर्षे लागली.

२०१० सालचे गणपती. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी उभ्या गौरी असतात, मुखवटे आजीच्या वेळचे. ज्येष्ठेच्या गळ्यात आईची बोरमाळ घालायची, हा घरचा रिवाज. आईच्या पश्चात ती बोरमाळ माझ्या पत्नीकडे आली. आवाहनाच्या आदल्या दिवशी ती बँकेत लॉकर उघडायला गेली आणि परतली ती गप्पच. संध्याकाळी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन एवढेच म्हणाली, "अहो, डबी रिकामी आहे."

चार महिन्यांपूर्वी ती बोरमाळ आणि तिच्या दोन पाटल्या मी गहाण टाकल्या होत्या. कामगारांचे पगार थकले होते. पैसे आले की सोडवून आणू, गुपचूप जागेवर ठेवून देऊ, तिला कळायचेही नाही, असे मी मनाशी धरले होते. त्या वर्षी आमच्या गौरीच्या गळ्यात साधी मोत्यांची माळ होती. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी विचारले, तेव्हा "गाठवायला दिली आहे" असे पत्नीने सांगितले. माझ्यासाठी तिला गौरीसमोर उभे राहून खोटे बोलावे लागले. कर्ज फिटले, दागिने घरी आले, पण ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

दागिने गहाण टाकण्यापर्यंत मी कसा पोचलो, ते आता सांगतो. तो एका दिवसाचा मामला नव्हता.

सुरुवात दर काढण्यापासून झाली. एका स्पिंडलला मशीनवर १२ मिनिटे लागतात, म्हणून तासाला ५ नग, असा हिशेब करून मी कोटेशन दिले होते. प्रत्यक्षात नग चढवणे, उतरवणे, मायक्रोमीटरने मोजणे, झिजलेला इन्सर्ट, म्हणजे कापणारे पाते, बदलणे, नव्या लॉटचे सेटिंग, हे सगळे धरून तासाला साडेतीनच नग निघायचे. दर पाचाचा आणि काम साडेतीनचे. शिवाय मशीनची झीज त्यात धरलेली नव्हती, रिजेक्शन नव्हते आणि माझा स्वतःचा पगारही नव्हता. घरखर्चाला गल्ल्यातून उचलायचे आणि उरेल त्याला नफा म्हणायचे, अशी माझी रीत होती. आमचा जुना ऑपरेटर रोजचे नग एका वहीत लिहून ठेवायचा. ती वही दोन वर्षे माझ्या टेबलावर पडून होती. मी ती उघडली नाही, कारण आत काय निघेल याची धास्ती मला होती. ऑर्डर भरपूर होत्या, मशीन रात्रपाळीतही चालत होते, आणि चालणाऱ्या मशीनच्या आवाजाला मी कमाई समजत होतो.

त्याच भरात २००९ मध्ये मी व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारे मिलिंगचे मशीन घेतले. कर्ज बँकेचे, पण मार्जिनची रक्कम स्वतःची घालावी लागते. ती मी सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट खात्यातून काढली. नव्याने धंद्यात उतरणाऱ्या मुलांनी हे नीट ऐकावे. सीसी खाते कच्चा माल, पगार, उधारी असल्या फिरत्या पैशासाठी असते. तो पैसा माल होतो, मालाचे बिल होते, बिलाची वसुली होते आणि पुन्हा खात्यात येतो. मशीनमध्ये घातलेला पैसा असा दोन महिन्यांत फिरून येत नाही, त्याला पाच-सात वर्षे लागतात. मशीन झळाळत उभे होते आणि त्याच्यावर चढवायला लोखंडी बार आणायला माझ्याकडे पैसे नव्हते.

आणि नेमके तेव्हाच एका मोठ्या ग्राहकाने पैसे अडकवले. निम्मे काम त्या एकाच कंपनीचे होते. ऑर्डर फोनवर यायची, लेखी काही नसायचे. वसुलीला गेलो की उत्तर ठरलेले, "थई जशे, भाई." आकडा तीन लाखांवर गेला तेव्हाच हात आखडायला हवा होता. पण पुढचा माल थांबवला तर मागचेही बुडतील, या भीतीने मी माल पाठवत राहिलो. येणे साडेअकरा लाखांवर पोचले. बिल फाडले की व्हॅट मात्र खिशातून भरायचा. आज जीएसटीचेही तसेच आहे. ग्राहकाने पैसे देवोत न देवोत, दरमहा विवरण भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत कर भरावाच लागतो.

तेव्हा मला एक गोष्ट माहीत नव्हती. २००६ साली झालेल्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करारात जास्त मुदत लिहून घेतली तरी ती चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते, आणि त्यासाठी राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो. मात्र त्यासाठी त्या कायद्याखाली कारखान्याची नोंदणी लागते, ती मी केली नव्हती. आता १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी आहे, आधार क्रमांकावर घरबसल्या होते आणि एक पैसाही लागत नाही. पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही तरतूद केली. ठरलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच करता येतो. तेव्हापासून मार्च जवळ आला की वसुलीच्या फोनला उत्तर मिळू लागले आहे, हा माझा अनुभव आहे.

मी शेवटी वकिलांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पेढी रजिस्टर्ड आहे का?" नव्हती. कारखान्यात माझे थोरले बंधू, आमचे दादा, भागीदार होते. बँकेत खाते उघडायला कागद लागतो, म्हणून छापील मसुद्यावर आम्ही दोघांनी सह्या केल्या होत्या. दोघांनीही तो वाचला नव्हता. सख्ख्या भावांत कागद कशाला वाचायचा? १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या पेढीला करारातून येणाऱ्या पैशासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही, फक्त १०० रुपयांपर्यंतच्या दाव्याला सूट. आमचे येणे साडेअकरा लाखांचे. धावपळ करून नोंदणी केली, मग नोटीस गेली आणि अखेर सहा लाखांवर तडजोड झाली. बाकीचे सोडून दिले.

पैसे गेले त्याहून जास्त मला दादांचे लागले. त्यांनी नोकरीत साठवलेले चार लाख घातले होते. त्यांच्या लेखी ते मला दिलेले उसने होते, माझ्या लेखी ते भांडवल. मी रोज बारा तास राबत होतो आणि कागदावर नफा निम्मा-निम्मा. मी मोबदल्याचा विषय काढला तेव्हा कळले की करारात लिहिलेले नसेल, तर भागीदाराला कामाचा पगार मागता येत नाही. दोन वर्षे आम्ही भाऊ दिवाळीलाही एकमेकांकडे गेलो नाही. वहिनी मात्र फराळाचा डबा न चुकता पाठवायच्या.

आमच्या घराजवळ कलाभवन आहे, सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली सुरू झालेले. दादासाहेब फाळके तिथे शिकले. लहानपणी त्या फाटकासमोरून जाताना वडील आम्हाला त्यांची गोष्ट सांगायचे. छपाईचा धंदा त्यांनी जीव ओतून उभा केला आणि भागीदारांशी पटले नाही म्हणून सोडला. पुढे चित्रपट कंपनी काढली, तिथेही भागीदारांशी खटके उडाले. वडील ती गोष्ट जिद्दीसाठी सांगत, आणि आम्हीही तेवढेच घेतले. भागीदारांचा भाग आम्हा दोघा भावांच्या कानावरून गेला.

२०१२ मध्ये दादांचे चार लाख व्याजासह परत केले. मी स्वतः त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "दादा, मी तेव्हाच तुमच्यासमोर बसून बोलायला हवे होते." ते म्हणाले, "मीही कुठे बोललो?" त्याच वर्षी बोरमाळही सुटली. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पत्नी आणि मी वह्या घेऊन बसतो. तिचे प्रश्न तीनच असतात. कुणाकडून किती येणे आहे, कुणाचे किती देणे आहे, आणि पुढच्या पगाराचे पैसे आज खात्यात आहेत का? तिसऱ्या प्रश्नाला नाही म्हणावे लागले, तर त्या महिन्यात नवे काही घ्यायचे नाही.

एवढे करूनही विमा राहून गेला. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात काय पाऊस झाला ते तुम्हाला आठवत असेल, दिवसभरात वीस इंचांच्या आसपास. मुजमहुड्याला भाड्याने घेतलेल्या गोदामात तयार माल जमिनीवरच ठेवलेला होता. पॉलिसी होती, पुराचे संरक्षणही होते. पण मालाची किंमत आठ लाखच लिहिलेली, कित्येक वर्षांपूर्वीची, आणि मी दरवर्षी न बघता सही करत आलो. आत माल सोळा लाखांचा. विमा निम्म्या किमतीचा असेल तर नुकसानभरपाईही निम्मीच मिळते. सहा लाख भिजले, तीन लाख मिळाले. २०२१ च्या १ एप्रिलपासून छोट्या उद्योगांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी आली आहे. तिच्यात विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर कपात होत नाही. पण निम्म्याने कमी पडला तर तीही सांभाळून घेणार नाही. त्यामुळे मालाचा आकडा आम्ही आता दर दिवाळीला, लक्ष्मीपूजनाला वह्या काढतो तेव्हाच, नव्याने लिहितो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी पुन्हा शहरात शिरली. माल या वेळी चार फूट उंच रॅकवर होता, त्याला धक्का लागला नाही. पण वीज गेली, रस्ते बंद झाले, आणि भरूचच्या एका ग्राहकाला शुक्रवारी द्यायचे ३०० बुश अर्धवट मशीनवर होते. पूर्वीचा मी शुक्रवार उलटेपर्यंत फोनच उचलला नसता. पहाटे मेणबत्तीच्या उजेडात पत्नीने विचारले, "पहिला फोन कुणाला?" आठ वाजता मी भरूचला फोन लावला आणि सांगितले, माल शुक्रवारी निघणार नाही, मंगळवारी निघेल, तुमची लाइन थांबणार असेल तर दुसरीकडून घ्या, मी वाईट वाटून घेणार नाही. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, "तमे वहेलुं कह्युं, सारुं कर्युं. मंगळवार चालशे." लवकर सांगितलेत, बरे केलेत, मंगळवार चालेल.

नमस्कार.