पेटी खरी, सिगार खोटा

मंडळी, क्युबातल्या हवानाच्या जुन्या भागात पायी फिरायला निघालात की सिगार हवेत का, असं विचारणारा कुणीतरी गाठतोच. त्याच्याजवळ एक कथा तयार असते. त्याची मावशी कारखान्यात सिगार वळते, तिला दर महिन्याला थोडा माल घरी मिळतो. किंवा आज सहकारी संस्थेचा दिवस आहे, आजच्या आज कामगारांना स्वस्तात विकायची परवानगी आहे. मग तुम्हाला एखाद्या घरात नेऊन पलंगावर पेट्या उघडून दाखवतात. सिगारांवरच्या कागदी पट्ट्या चकचकीत, पेटीवर हिरवी मोहर, किंमत दुकानातल्यापेक्षा कितीतरी कमी.

असा कुठलाही सहकारी दिवस नसतो. कामगाराला स्वतःच्या ओढण्यापुरते चार सिगार मिळत असतील, पण मोहरबंद पेट्या त्याच्या हातात कुणी ठेवत नाही. त्या पेटीत काय असतं? कधी कारखान्यातला झाडून गोळा केलेला चुरा, कधी कुठलं तरी हलकं पान, आणि कधी, हे जास्त त्रासदायक, बऱ्यापैकी तंबाखू, बऱ्यापैकी हातानं वळलेला. तंबाखू शरीराला वाईटच, अस्सल असला तरी. पण बुरशी धरलेल्या, धड न आंबवलेल्या मालासाठी पैसे आणि छाती दोन्ही झिजवायचं काही कारण नाही.

आज मला एकच गोष्ट तुमच्या मनावर ठसवायची आहे. एखादी खूण चुकली तर माल खोटा, हे नक्की ठरतं. पण सगळ्या खुणा बरोबर निघाल्या म्हणून माल खरा, असं ठरत नाही. लोक नेमकं उलटं करतात. होलोग्राम चमकला की निश्चिंत होतात.

मोहरेपासूनच सुरुवात करू. पेटीच्या डाव्या कडेला चिकटवलेली हिरवी-पांढरी हमीची पट्टी ही क्युबाची फार जुनी गोष्ट आहे. 1889 मध्ये, स्पेनचं राज्य असताना ती प्रथम आली, म्हणजे नकलांचा त्रासही तितकाच जुना. स्वतंत्र क्युबानं 1912 मध्ये त्यासाठी कायदा केला, 1931 मध्ये तिची रचना बदलली, 1999 मध्ये लाल रंगात क्रमांक आला आणि 2010 च्या सुमारास होलोग्राम आणि बारकोड. बारकोडचा क्रमांक आबानोस या सरकारी भागीदारीतल्या कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. जरूर तपासा. फक्त एवढं लक्षात ठेवा, की एका खऱ्या पेटीवरचा क्रमांक शंभर खोट्या पेट्यांवर छापता येतो आणि संकेतस्थळ त्या क्रमांकाला 'बरोबर' म्हणू शकतं.

मला सगळ्यात उपयोगी वाटते ती निराळीच परीक्षा. पेटीवरच्या तारखा एकमेकींशी जुळतात का, ते पाहायचं. पेटी उलटी करा. तळाला डाग देऊन उमटवलेली तीन वाक्यं दिसतील: वर कंपनीचं नाव, मग 'एचो एन कुबा', म्हणजे क्युबात बनवलेलं, आणि 'तोतालमेंते आ मानो', म्हणजे संपूर्ण हातानं. कंपनीचं नाव 1994 नंतरचं, हातानं वळल्याची ओळ 1989 नंतरची. त्याखाली शाईचा शिक्का असतो, कारखान्याची सांकेतिक अक्षरं आणि पेटी भरल्याचा महिना व वर्ष. महिना स्पॅनिशमध्ये असतो. जानेवारी म्हणजे एनेरो, ऑगस्ट म्हणजे आगोस्तो. तिथं इंग्रजी महिन्याची अक्षरं दिसली तर पेटी तिथंच खाली ठेवा. आणि शिक्का 2005 चा पण वर होलोग्राम असलेली मोहर, तर ती मोहर त्या वर्षी अस्तित्वातच नव्हती. नक्कल करणारा एकेक तुकडा सुरेख बनवतो, पण वेगवेगळ्या वर्षांचे तुकडे एकत्र जोडतो आणि तिथं पकडला जातो.

कोहिबा या क्युबन ब्रँडच्या बेहीके सिगारचंही तसंच. 52, 54 आणि 56 या तीन जाडीचे (हे माप कसलं ते पुढे सांगतो) हे सिगार 2010 मध्ये बाजारात आले. त्याआधीच्या शिक्क्याची अशी पेटी कुणी दाखवली तर बोलायलाच नको. यात 'मेदिओ तिएंपो' नावाची पानं वापरतात. झाडाच्या अगदी शेंड्याला येणारी दोन लहान पानं, तीही प्रत्येक झाडाला येत नाहीत. जी वस्तू जमिनीतूनच इतकी मोजकी येते, ती रस्त्यावर ढिगानं कशी मिळेल? शिवाय 2022 पासून कोहिबा आणि त्रिनिदाद या ब्रँडच्या किमती जगभर एकाच पातळीवर आणल्या गेल्या. त्यामुळे 'इथं निम्म्यात मिळतो' हे वाक्य आता पूर्वीइतकंही टिकत नाही. आणि काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी? आतला माल पारदर्शक झाकणातून दाखवणारी अशी पेटी क्युबातला कुठलाही कारखाना बनवत नाही. तरी जगभरच्या समुद्रकिनाऱ्यांवर सर्रास खपते ती हीच.

आता पेटी उघडा. खऱ्या पेटीत वरच्या थरातले सिगार रंगानं लावलेले असतात, डावीकडे गडद, उजवीकडे फिकट, आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत फरक इतका बारीक की नजर सहज पुढे सरकते. हे काम करणारी माणसं कारखान्यात वेगळी असतात. पट्ट्या सगळ्या एका उंचीवर, तोंडं वर. छपाईतली सोनेरी अक्षरं बोटाला उठावदार लागतात. मग मोजपट्टी काढा. माँतेक्रिस्तो नंबर 4 हा 129 मिलिमीटर लांब आणि 42 जाडीचा असतो. ही जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात, म्हणजे साधारण साडेसोळा मिलिमीटर. कोहिबा रोबुस्तो 124 मिलिमीटर, जाडी 50. हातानं वळलेल्या मालात एखाद-दुसरा मिलिमीटर इकडेतिकडे होईल, सेंटिमीटरभर होणार नाही. ज्या मापाचा सिगार त्या नावाखाली कधी बनलाच नाही, तो विकणारेही खूप आहेत.

निपाणीकडची मंडळी इथं असतील, त्यांनी वखारीत तंबाखू हुंगलेला आहे. त्यांना सांगायला नको. नीट न आंबलेल्या पानाला अमोनियाचा डोळ्यांत जाणारा वास असतो. कोरा, न पेटवलेला सिगार पायाकडून, म्हणजे पेटवायच्या टोकाकडून हुंगा. तो वास आला तर पट्टीवर काहीही लिहिलेलं असो.

इतकं सगळं पाहूनही फसायची एक वाट उरते, आणि मला तिचीच धास्ती जास्त आहे. खऱ्या पेट्या रिकाम्या झाल्या की विकत घेतल्या जातात. पट्ट्या छापखान्यातून किंवा कारखान्यातून चोरीला जातात. मग तळाचा डाग खरा, शिक्का खरा, पट्टी खरी आणि आत दुसऱ्याचा माल. इथं डोळ्यांनी कळणारी एकच जागा म्हणजे मोहरेची कड. पेटी उघडताना मोहर कापली जाते. ती पुन्हा डिंकानं जोडलेली, सुरकुतलेली, कडेला ओघळलेली दिसते का ते पाहा. तेही नीट केलेलं असलं तर मग विकणारा कोण, हाच प्रश्न उरतो. म्हणून क्युबात घ्यायचं असेल तर सरकारी दुकानातून किंवा 'ला कासा देल आबानो' या अधिकृत दुकानातून, आणि पावती घेऊन. विमानतळावर सुट्या वीसहून जास्त सिगारांना कागद मागतात, तेव्हाही ती पावती लागते.

आपल्याकडचं थोडं सांगतो. भारतात परत येताना एका प्रवाशाला 25 सिगारांपर्यंत सीमाशुल्काची सवलत आहे. इथं दुकानात कायदेशीर विकल्या जाणाऱ्या पेटीवर 85 टक्के भागात चित्रासह इशारा लागतो. तो नसेल तर माल आडवाटेनं आला आहे. तो अस्सलही असू शकेल, पण तुम्हाला बिल मिळणार नाही आणि फसलात तर तक्रार करायला जागा राहणार नाही. आणि अमेरिकेहून भाच्यानं आणलेली कोहिबा? 1960 मध्ये क्युबातले कारखाने तिथल्या सरकारनं ताब्यात घेतले, 1962 मध्ये अमेरिकेनं व्यापार बंद केला. त्यामुळे अमेरिकेतल्या दुकानात विकला जाणारा त्याच नावाचा सिगार बहुधा डॉमिनिकन रिपब्लिकचा असतो. तो बनावट नाही, दुसऱ्या कंपनीचा कायदेशीर माल आहे, फक्त क्युबाचा नाही. भाच्यावर रागावू नका.

घरात आधीच संशयाची पेटी असेल तर एक सिगार बळी द्या. ब्लेडनं उभा चिरा. महागड्या खऱ्या सिगारात डोक्यापासून पायापर्यंत सलग पानं असतात. चुरा सांडला तर उत्तर मिळालं. मात्र होसे एल. पिएद्रासारख्या स्वस्त क्युबन सिगारांत तुकड्यांचीच भरती असते, त्यांना हा नियम लावू नका. आणि सलग पानं निघाली, तरी पेटी कुणाकडून घेतली होती हे आठवल्याशिवाय उरलेले कुणाला भेट देऊ नका.