खांदा किती दाबायचा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील या टूलरूमच्या सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या सपाट पाटावर, दिसत आहेत त्या .३०८ विंचेस्टर मापाच्या दोन पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी कवचे. एक उभी कापलेली, दुसरी बाजूला भोक पाडून निकामी केलेली. भारतात काडतूस भरायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे या टेबलावर दारू नाही, केवळ पितळ आणि मोजमाप आहे.

सत्तर टक्के तांबे व तीस टक्के जस्त असलेले हे पितळ बार उडताच फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलीत काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला टेकते, दाब उतरल्यावर किंचित आक्रसते, पण मूळ मापावर येत नाही. म्हणून पुन्हा भरण्यापूर्वी पुंगळी डायमध्ये, म्हणजे तिला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात, दाबावी लागते, आणि गफलत होते ती इथेच. डाय शेल होल्डरला (पुंगळीचे बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकवून आणखी पाव फेरा खाली द्यावा, अशी सूचना डायसोबतच्या पत्रकांत सर्रास असते. आमच्या दृष्टीने हे गिऱ्हाइकाचे माप न घेता सदरा बेतण्यासारखे आहे, कारण प्रत्येक रायफलीचे चेंबर थोडे वेगळे असते.

माप घ्यायचे ते त्याच रायफलीत उडालेल्या पुंगळीचे, बुडापासून खांद्यापर्यंत, म्हणजे तोंडाकडे पुंगळी निमुळती होते त्या उतारापर्यंत. त्याआधी वापरलेला प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) काढलेला बरा, कारण त्याची उठलेली कड काट्यावर खोटे माप दाखवते. बोल्ट रायफलीसाठी (जिचा खटका दरवेळी हाताने ओढावा लागतो) खांदा या मापापेक्षा एक ते दोन थाऊ मागे गेला की पुरते. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डायला इंचात १४ आटे असतात, म्हणजे पूर्ण फेऱ्याला सुमारे ७१ थाऊ, आणि एका थाऊसाठी जेमतेम पाच अंश. कारागिराने डायवर पेन्सिलीने ओढलेली ही रेघ त्यासाठीच आहे. पुंगळी डायमध्ये अडकू नये म्हणून लावायच्या लॅनोलिनचा, म्हणजे वंगणाचा, हातही हलका हवा; खांद्यावर ते साचले की पितळात खळगा पडतो.

खांदा वारंवार जास्त दाबला गेला तर बुडाजवळचे पितळ ताणून पातळ होते आणि पुंगळी तिथे तुटून गरम वायू मागे येऊ शकतो. कापलेल्या पुंगळीत आतल्या बाजूने दिसणारी बारीक चर ही त्याचीच सुरुवात आहे.

कारागीर आता पुंगळी डायमधून काढून पुसतो, गेजमध्ये बसवतो आणि काटा वाचतो. खांदा अजून हललेला नाही. रेघ पाच अंश पुढे सरकते.