शर्टाचं तिसरं बटण

मित्रहो, सुरुवात आमच्या माहितीपटातल्या एका फसव्या शॉटपासून करतो. मानेत, सहाव्या मणक्याच्या पातळीवर, मज्जारज्जूला इजा झालेला एक तरुण टेबलावरचा प्लास्टिकचा पेला उचलतोय. आम्ही जवळून क्लोजअप लावला होता. फ्रेममध्ये फक्त पेला, आणि त्याच्याभोवती हळूहळू मिटत जाणारी बोटं. रात्री आम्ही तो शॉट पाच-सहा वेळा पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमना, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या बाईंना, दाखवला. त्या म्हणाल्या, “सुंदर आहे. पण हे बघून कुणालाही वाटेल, याची बोटं परत आली. मनगट कुठंय तुमच्या फ्रेममध्ये?”

मग त्यांनी समजावून सांगितलं. या पातळीच्या दुखापतीत मनगट वर उचलणारे स्नायू बहुधा शाबूत असतात, बोटं मिटणारे नसतात. पण मनगट वर उचललं की बोटांचे कंडरे, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर, आपोआप ताणले जातात आणि बोटं आत वळतात. याला टेनोडेसिस म्हणतात. ही पकड टिकावी म्हणून थेरपिस्ट मुद्दाम काळजी घेतात : मनगट वर असताना बोटं कधीच पूर्ण सरळ ताणायची नाहीत. थोडा आखडेपणा जपायचा. घरचे लोक मायेनं बोटं सरळ करून मालिश करायला जातात, आणि आहे ती पकडही सैल होते.

म्हणजे आमचा क्लोजअप खोटं बोलत होता. कुणीही काही रचलं नव्हतं, घडलं तेच टिपलं होतं, तरी खोटं. आम्ही कॅमेरा अर्ध्या हातानं मागे घेतला, मनगट आणि कोपर फ्रेममध्ये आणलं. मग कळलं, या माणसानं काय कमावलंय ते. पेला बोटांनी उचललेला नव्हता, अकलेनं आणि सरावानं उचलला होता.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसलोय. सावरणारं शरीर कॅमेऱ्याला जसं दिसतं, तसं ते पुष्कळदा नसतं. म्हणून शूटिंगच्या आधी त्या शरीराचा अभ्यास करा.

दुखापतीनंतर सुरुवातीला इजेच्या खालचं शरीर अगदी निपचित पडतं. काही दिवसांनी, काही आठवड्यांनी रिफ्लेक्स, म्हणजे इच्छेशिवाय होणाऱ्या हालचाली, परततात आणि पाय अचानक झटके देऊ लागतात. आमच्या तरुणाची आई ओरडली होती, “हलला! बघा, पाय हलला!” आमचा कॅमेरा चालू होता. तो झटका होता, त्यात त्याच्या इच्छेचा भाग नव्हता. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर आईचा चेहरा उतरला, तेही आमच्याकडे आहे. संकलन करताना पहिला भाग ठेवून दुसरा कापणं फार सोपं होतं. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. आम्ही दोन्ही ठेवले, एकाला लागून एक.

आणखी एक, आणि हे प्रत्येक युनिटनं कानाला खडा लावून लक्षात ठेवावं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल, तर मूत्राशय भरलं किंवा लघवीसाठी लावलेली कॅथेटरची नळी दुमडली एवढ्या कारणानंही रक्तदाब झपाट्यानं चढू शकतो. चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो, डोकं ठणकतं. आता विचार करा, तुम्ही अपघाताविषयी विचारलंय आणि समोरच्याचा चेहरा असा झालाय. तुम्हाला वाटणार, गहिवरला, चालू राहू दे. ते प्राणावर बेतू शकतं. तिथे कॅमेरा सोडायचा, त्याला ताठ बसवायचं, नळी बघायची, मदत बोलवायची. आमच्या मुलाखतीच्या खोलीत हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं.

मुलाखत सलग होत नाही, तेही मान्य करा. त्वचेवरचा दाब हलका करायला आमचा तरुण दर पंधरा-वीस मिनिटांनी खुर्चीत एका बाजूला झुकायचा, थोडा वेळ तसाच थांबायचा. ही साधी शिस्त माणसं जगवते. १९४४ मध्ये डॉक्टर लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. त्याआधी असे रुग्ण बहुतेक बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा) आणि मूत्रमार्गाच्या संसर्गानं जायचे. गुटमननी दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलायला लावली. त्याच आवारात २९ जुलै १९४८ रोजी १६ जणांनी व्हीलचेअरवर बसून तिरंदाजी केली, आणि पुढे त्यातूनच पॅरालिम्पिक उभं राहिलं. पदकांची गोष्ट सगळे सांगतात. मला कूस बदलण्याची गोष्ट मोठी वाटते. त्याचं ते झुकणं आम्ही फिल्ममध्ये ठेवलं, आवाजासकट.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. रुग्णालयात पहिल्या महिन्यात केलेल्या सहीवर विसंबू नका. त्या वेळी माणूस कशाला हो म्हणतोय हे त्यालाही उमगलेलं नसतं. घरी गेल्यावर पुन्हा विचारा, कच्चं संकलन दाखवून पुन्हा विचारा.

आम्ही दाखवलं. शेवट आमच्या मते पक्का होता : स्टँडिंग फ्रेममध्ये, म्हणजे उभं धरून ठेवणाऱ्या चौकटीत, पट्ट्यांनी बांधून, तो उभा आहे आणि खिडकीतून उजेड येतोय. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “हे काढा. लोकांना वाटेल मी उभा राहिलो. मी बसूनच जगणार आहे, आणि ते जमायला लागलंय. बटणांचं ठेवा ना.”

बटणांचं म्हणजे, एका सकाळी तो शर्ट घालत होता तो भाग. बटण लावायचं हुक तळहाताच्या पट्ट्यात खोचलेलं. ते काजातून घालायचं, तारेच्या फासात बटण पकडायचं, ओढायचं. तिसरं बटण चार वेळा निसटलं. आई दारात उभी होती, हात पुढे करून मागे घेत होती. पूर्ण शर्टाला ११ मिनिटं लागली होती. आम्ही त्याची ४० सेकंदं केली होती.

ऑस्करच्या नियमात लघुमाहितीपट ४० मिनिटांपर्यंत चालतो. आमचा २२ मिनिटांचा आहे. त्यातली शेवटची चार मिनिटं आता तिसऱ्या बटणाची आहेत. पार्श्वसंगीत नाही, तारेचा बटणावर घासण्याचा आवाज आहे, त्याचा श्वास आहे, आणि दारातून आई विचारते, “झालं का रे?” तो म्हणतो, “थांब.”