पाव तास कुणीच बोललं नाही

नमस्कार श्रोतेहो. सर्र... ऐकलंत? माझ्या हातातल्या स्लाइड रूलची, म्हणजे गुणाकार करायच्या जुन्या सरकत्या पट्टीची, मधली पट्टी सरकली. दोन त्रिक सहा करायचं, तर खालच्या पट्टीवरच्या दोनवर मधल्या पट्टीचा एक आणायचा आणि तिच्या तीनखाली पाहायचं. सहा! आपण फक्त दोन लांब्या एकापुढे एक ठेवल्या. पुन्हा सांगतो, लांब्यांची बेरीज म्हणजे आकड्यांचा गुणाकार. कारण पट्टीवरची अंतरं लॉगची. लॉग म्हणजे दहाचा कितवा घात केला की तो आकडा येतो, ती संख्या. दोनचा लॉग 0.3010, तीनचा 0.4771, बेरीज 0.7781. हा झाला सहाचा लॉग.

लॉगची ही युक्ती स्कॉटलंडचे गणिती जॉन नेपियर यांनी 1614 मध्ये छापली. लंडनचे गणिताचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज ती वाचून इतके भारावले, की पुढच्या वर्षी थेट नेपियर यांच्या गावी, एडिंबराला निघाले. पत्रावर भागलं असतं, पण माझं ठाम मत आहे, ज्याच्याकडून शिकायचं त्याच्या दारात जावं. भेटीचा ठरलेला दिवस टळून गेला. नेपियर हिरमुसले. जॉन मार नावाच्या स्नेह्याला म्हणाले, ‘‘ब्रिग्ज आता येत नाहीत.’’ आणि त्याच क्षणी दारावर थाप पडली! मार धावत खाली गेले. दारात ब्रिग्जच! त्यांना वर नेलं. आणि मग, श्रोतेहो, ते दोघं जवळजवळ पाव तास एकमेकांकडे नुसते पाहत राहिले. पाव तास! एक शब्द नाही. शेवटी ब्रिग्ज म्हणाले, की ही युक्ती तुम्हाला सुचली कशी, हे जाणायलाच मी एवढ्या लांब आलो. आता ती इतकी सोपी वाटते, की आधी कुणालाच कशी सापडली नाही याचं नवल वाटतं.

एकचा लॉग शून्य आणि दहाचा एक, हे त्या दोघांच्या चर्चेतून ठरलं. नेपियर 1617 मध्ये गेले. पुढच्या दशकात इंग्रज गणिती विल्यम ऑट्रेड यांनी लॉगच्या दोन पट्ट्या शेजारी सरकवल्या आणि स्लाइड रूल जन्मली. 1972 मध्ये लॉग काढणारा खिशातला कॅल्क्युलेटर आला, तोवर अभियंत्यांचं तिच्यावाचून चालत नसे.

तीनेक अंक ती नीट दाखवते, दशांशचिन्ह मात्र दाखवत नाही. ते आपण ठरवायचं. मुलांना कॅल्क्युलेटर जरूर द्या, पण बटण दाबण्याआधी अंदाज विचारा. तेवीस गुणिले चारशे दहा. पट्टी म्हणते, नऊ-चार-तीन. अंदाजाला वीस गुणिले चारशे घ्या. वीस चोक ऐंशी, म्हणजे आठ हजारांच्या पुढे. तर मग उत्तर 9,430.