बाहेर पेस्टल, घरात तेलरंग

नमस्कार. पुढच्या रांगेत माझे काही विद्यार्थी दिसतायत. त्यांनी हे सगळं आधी ऐकलंय, त्यामुळं त्यांनी डुलकी काढली तर मी बघितलं न बघितल्यासारखं करीन. माझं म्हणणं एका दमात सांगतो: निसर्गचित्र जागेवर पेस्टलमध्ये करा, त्यावरून घरी तेलरंगात मोठं चित्र रचा, आणि या दोहोंमध्ये मोबाइलच्या फोटोला शिरू देऊ नका. हे का, ते सांगणारच आहे. पण आधी पेस्टलवर आपल्याकडं जो अन्याय होतो, त्याबद्दल थोडं बोलू द्या.

पेस्टल म्हटलं की शाळेतल्या तेलकट खडूंची पेटी डोळ्यांपुढं येते. ते ऑइल पेस्टल, १९२० च्या दशकात जपानमध्ये शाळकरी पोरांसाठी निघालेलं. मी म्हणतोय ते मऊ पेस्टल. रंगाची पूड, थोडी खडूची माती आणि कांडी मोडू नये इतपत डिंक. अठराव्या शतकात व्हेनिसची रोझाल्बा कॅरिएरा यातल्या व्यक्तिचित्रांवर युरोपभर गाजली. पुढं फ्रेंच चित्रकार देगानं यात काय काय केलं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि कोल्हापूरला कोरडा रंग परका आहे का? राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय आहे. निसर्गचित्रं आहेत, पावडर शेडिंगची, म्हणजे कोरडी रंगपूड कागदावर घासून केलेली कामं आहेत. सिनेमाच्या पडद्यावरचे चंद्रकांत सगळ्यांना माहीत. संग्रहालयात कितीजण जाऊन आलात? हात वर करा. बरं, खाली घ्या. रंकाळ्यावर भेळ कितीजणांनी खाल्ली असं विचारलं असतं, तर मला छत दिसलं नसतं.

तर अन्याय. पंचगंगा घाटावर सकाळी केलेलं एक पेस्टल मी फ्रेमला दिलं. दीपमाळांच्या अंगावर कोवळं ऊन, मागं पाण्यावरचा धुरकट निळा. माझ्या हातून क्वचितच इतकं बरं उतरतं. फ्रेमवाल्याला बजावून सांगितलं, हात लावायचा नाही. आठवड्यानं गेलो. फ्रेम झकास, कोपरे काटकोनात. आत दीपमाळा होत्या, पण ऊन गेलं होतं आणि नदीही गेली होती. तो माणूस मनापासून म्हणाला, "सर, लई धूळ बसली हुती बघा. मऊ कापडानं समदी पुसून काढली. त्याचं काय ज्यादा घेतलं न्हाई."

हसा. मीही आता हसतो. तेव्हा पैसे देऊन मुकाट्यानं बाहेर पडलो. कारण रागवायचं कुणावर? ती धूळच होती, त्याचं निरीक्षण अचूक होतं! बरं, वर काच थेट चित्राला टेकवलेली. पेस्टल आणि काच यांच्यात माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची जाडी हवी, म्हणजे पूड काचेला चिकटत नाही आणि आपल्या पावसाळ्यात ओल धरून बुरशीही लवकर येत नाही. काहीजण म्हणतात, फिक्सेटिव्ह मारा, म्हणजे पूड धरून ठेवणारा फवारा. मारा, पण बेतानं. जास्त झालं की उजळ रंग मंदावतात, आणि आपण ऊन रंगवायलाच तर गेलेलो असतो.

आयोजक चिठ्ठी घेऊन उभे आहेत. दहा मिनिटं? पाच! मग पळतो आता.

जागेवर पेस्टल का? ऊन थांबत नाही. दोन तासांत सावल्या दुसरीकडं जातात. पेस्टलला वाळायची वाट बघावी लागत नाही, पॅलेटवर रंग कालवावा लागत नाही. कांडी निवडायची आणि ठेवायची. म्हणजे हा रंग गडद की फिका, उबदार की थंड, याचा निर्णय तिथंच होतो. उसाच्या फडाचा हिरवा बघा. नुसता हिरवा घासला की तो प्लास्टिकचा दिसतो. खाली विटकरी किंवा गेरूचा थर द्या, वर हिरव्याचे तुटक फटकारे मारा. मधून डोकावणारा तांबडा त्या हिरव्याला जमिनीवर आणतो.

फोटो का नको? उन्हातला फोटो सावली काळी करतो, नाहीतर आभाळ पांढरं. डोळ्याला त्याच सावलीत जांभळा, निळा दिसलेला असतो. पेस्टलमध्ये तो नोंदलेला असतो, फोटोत नसतो. आपल्या कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान १९३१ मध्ये गेले. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा त्यांनी रंगवली. टाउन हॉलच्या संग्रहालयात जाऊन त्यांचं पाणी बघा, मग मोबाइल काढा.

घरी आल्यावर मात्र पेस्टलची नक्कल करू नका. पुडीचा फटकारा ब्रशनं काढायला गेलात तर दोन्हीकडून हसं होतं. तेलरंगात काढून टाकायला शिका: एक झाड कमी, क्षितिज जरा खाली. तिथं वेळ आहे, पातळ पारदर्शक थर देता येतात. फक्त तेलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. म्हणून खालचे थर टर्पेंटाइननं पातळ, वरचे तेलकट. उलटं केलंत तर पुढं तडे जातात. जुलैत ते वाळणं आणखी रेंगाळतं, तेव्हा पावसाळ्यात दोन-तीन कॅनव्हास एकदम चालू ठेवा. आणि वॉर्निशची घाई नको, सहा महिने तरी थांबा. जाड रंगाला त्याहून जास्त.

कागदाबद्दल राहिलंच. परदेशी कागद महाग वाटत असेल तर सरावाला सुताराचा बारीक पॉलिश पेपर घ्या, पूड छान धरतो. टिकाऊ नाही, विकायच्या चित्राला वापरू नका. हां, मागच्या रांगेत कुणाचा तरी हात वर आहे. बोला.