डुकराचं नाक वीतभर उंचीवर

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. थंडी पडली की वराहपालकांचे फोन सुरू होतात, "डॉक्टरसाहेब, डुकरं खोकलून राह्यली."

मागच्या पौषात भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात गेलो. तिशीतला पोरगा, चाळीस डुकरं, आठवड्यात चार मेलेली. शेड झाडलेलं, चुना मारलेला. फक्त चारही बाजूंनी ताडपत्र्या, खालपासून छतापर्यंत.

"थंडी लय होती साहेब, वारं लागूच नाही देल्लं."

म्हटलं, ये, माझ्याजवळ उकिडवा बस. बसला. मिनिटभरात दोघांच्याही डोळ्यांतून पाणी! उभं असताना काहीच झोंबत नव्हतं. माणसाचं नाक पाच फुटांवर, डुकराचं वीतभर उंचीवर, मुतानं ओल्या फरशीपाशी. अमोनिया, म्हणजे मुतातून सुटणारा झोंबरा वायू, तिथंच उठतो.

मग मेलेल्यातलं एक उघडलं. फुप्फुसाचा पुढचा भाग जांभळा, कलेजीसारखा घट्ट. तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाकला, तो थेट तळाला गेला. निरोगी फुप्फुस तरंगतं, कारण त्यात हवा असते. पोरगा बादलीकडे बघतच राहिला. म्हणाला, "म्हंजे मीच कोंडून मारले."

नुसत्या कोंडण्यानं नाही, बाबा. मायकोप्लाझ्मा, पाश्चुरेला हे न्यूमोनियाचे जंतू पुष्कळ कळपांत असतातच. श्वासनळीतली बारीक लव त्यांना बाहेर ढकलते, अमोनियानं ती लवच निकामी होते. त्यात यानं तीन ठिकाणांहून पिल्लं आणून मोठ्या जनावरांत सोडलेली. तीन घरचे जंतू एका खोलीत.

पोरगा मेहनती होता हो. डुकरं पाळतो म्हणून त्याला गावात मुलगी देत नाहीत, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. दारू पिऊन पडणाऱ्याला देतात, कष्ट करणाऱ्याला नाही!

असो. लक्षात ठेवा, खाली आडोसा, वर हवा. ताडपत्री खालून तीन फूट, वरची बाजू उघडी. पुन्हा सांगतो, खाली आडोसा, वर हवा. पिल्लांखाली कोरडी तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, टाका, ओली झाली की बदला. दाटी करू नका. विकत आणलेलं जनावर तीस दिवस वेगळं ठेवा, तीस दिवस. त्याचं खाणं-पाणी शेवटी करा, म्हणजे तुमच्या पायांनी रोग जुन्यांत जात नाही. एखादं जनावर बसलेल्या कुत्र्यासारखं पुढचे पाय ताणून, तोंड उघडून धापा टाकत असेल, तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच डॉक्टरांना बोलवा.

त्या पोरानं त्याच संध्याकाळी ताडपत्र्यांची वरची बाजू मोकळी केली. त्यानंतर दोन मेली. महिनाभरानं फोन आला, "साहेब, आता रोज बसून पाह्यतो."

नमस्कार.