डॉक्टर हर्डीकर आणि माफीनामा

नमस्कार मंडळी. सेवा दल म्हटलं की आपल्या सांगली-मिरजेकडं लोकांना एसेम जोशी, साने गुरुजी आठवतात. ते राष्ट्र सेवा दल, १९४१ चं. मी आज सांगतोय ते त्याच्या बरंच आधीचं, काँग्रेसचं सेवा दल, म्हणजे काँग्रेसच्या स्वयंसेवकांची संघटना, आणि ते उभं करणारे डॉक्टर नारायण सुब्बाराव हर्डीकर. दोन्हींची गल्लत नको हां, जुनी माणसं चिडतात.

हर्डीकरांचा जन्म १८८९ चा, धारवाडचा. कलकत्त्याला डॉक्टरकी शिकले, मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. तिथंच लाला लजपतराय भेटले आणि डॉक्टर त्यांच्या होमरूल लीगच्या, म्हणजे हिंदुस्थानला स्वराज्य मागणाऱ्या संघटनेच्या, कामाला लागले. परत आले ते हुबळीला. आता एवढं शिकलेला माणूस दवाखाना थाटून बसला असता तर कुणी नाव ठेवलं असतं का? यांनी पोरं गोळा केली आणि हुबळी सेवा मंडळ काढलं.

आता मला जे सांगायचंय ते ऐका. १९२३ साल, नागपूरचा झेंडा सत्याग्रह. तेव्हाचा झेंडा आजच्यासारखा नव्हता बरं का, पांढरा, हिरवा, लाल आणि त्यावर चरखा. हा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे गोऱ्या साहेबांच्या वस्तीत, जायचं नाही असा सरकारचा हुकूम, मग काय, १ मे पासून रोज एक तुकडी झेंडा घेऊन निघायची, पोलीस पकडायचे, दुसऱ्या दिवशी पुढची तुकडी तयार. जमनालाल बजाज आत गेले, मग वल्लभभाई येऊन उभे राहिले, देशभरातनं माणसं आली. बाहेर जयजयकार, हार-तुरे सगळं होतं. पण तुरुंगात हार-तुरे कोण घालणार? तिथले हाल सोसेनात आणि एकेक जण माफीनामा लिहून द्यायला लागला. थोडेथोडके नाही, बरेच जण! कागदावर सही केली की सुटका, एवढं सोपं. आणि हर्डीकरांची हुबळीची पोरं? त्यांनी सही केली नाही. परत सांगतो, दारात सुटका उभी होती आणि हुबळीच्या पोरांनी सही केली नाही. 

ही गोष्ट काँग्रेसच्या पुढाऱ्यांच्या कानावर गेली. पोरं काही वेगळ्या मातीची नव्हती हो, त्यांची आधी तयारी करून घेतलेली होती, कवायत, शिस्त, सगळं. ही तयारी देशभर का होऊ नये, असं म्हणत त्याच वर्षी डिसेंबरात काकीनाडा अधिवेशनात हिंदुस्तानी सेवा दल निघालं, पहिले अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गंमत म्हणजे विरोध काँग्रेसमधूनच झाला, अहिंसेवाल्यांना कवायत कशाला, म्हणून!

शिस्तीचं निघालंच आहे म्हणून सांगतो, आपल्याकडं पंधरा ऑगस्टला पाहुणे येईपर्यंत पोरं उन्हात तासभर ताटकळत उभी असतात. पाहुणा उशिरा आला तर शाळेच्या शिपाईमामांच्या हस्ते झेंडा फडकवावा आणि मोकळं व्हावं, माझं तरी हेच मत आहे. असो.

१९३२ साली सरकारनं सेवा दलावर बंदी घातली. स्वातंत्र्यानंतर १९५२ ला डॉक्टर राज्यसभेवर गेले, ते १९६२ पर्यंत. ५२ साली आपल्या सांगली जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं आणि हुबळी-धारवाडसुद्धा आपल्याच मुंबई राज्यात, तेव्हा ही काही परक्या मुलखातली गोष्ट नाही. १९५८ ला पद्मभूषण मिळालं, १९७५ ला गेले.

आणि डॉक्टरकी? ती सुटली नव्हती. मिरजेहून बेळगावच्या गाडीत बसलात की वाटेत घटप्रभा स्टेशन लागतं. तिथलं आरोग्यधाम उभं करण्यात या हर्डीकरांचा हात होता. कधी त्या बाजूला गेलात तर उतरून बघून या. नमस्कार.